मिस्त्रीचा नकाशा

प्रमोदिनीबाईंनी पिशवीतून फूटपट्टी काढली आणि टेबलावर पसरलेल्या नकाशावर ठेवली.

"ओ बाई, नकाशाला हात लावायचा नाय. नुसता बघायचा," बांधकाम खात्यातला कारकून म्हणाला.

"हात कुठे लावतेय? पट्टी लावतेय."

कारकुनाने यावर विचार केला. पट्टीबद्दल काही नियम असलाच तर तो त्याला ठाऊक नव्हता, आणि शोधायचा तर खुर्चीतून उठावं लागलं असतं. तो बसून राहिला. नगरपालिकेत नागरिकांना नकाशे दाखवण्याची वेळ मंगळवारी साडेतीन ते चार अशी होती. मागचे तीन मंगळवार कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणून वाया गेले होते. किल्ली कपाटालाच लटकत असलेली बाईंनी तिन्ही वेळा पाहिली होती. तिसऱ्या वेळी त्यांनी बोट दाखवून सांगितलंही, तेव्हा ती दुसऱ्या कपाटाची आहे असं उत्तर मिळालं. आज चौथ्या मंगळवारी त्याच किल्लीने हे कपाट उघडलं होतं.

नकाशा त्यांच्या शेजारच्या इमारतीचा होता. हाशिमशेठनी आपल्या सुताच्या गोदामावर नवा मजला चढवला होता. मजला बांधून चार महिने झाले होते आणि तो बांधायची परवानगी आता मागितली होती. गल्लीत सगळ्यांचा हाच क्रम असे, आधी भिंती आणि मग अर्ज. नकाशात हा मजला राहता दाखवला होता. एका कोपऱ्यात चार फुटांचा स्वयंपाकाचा ओटा, आणि उरलेल्या जागेत बेचाळीस फूट लांब, अठरा फूट रुंद असं एकच शयनगृह. त्याच्या मधोमध एक खाट, खाटेवर दोन उशा. न्हाणीघर नव्हतंच.

"एवढ्या शयनगृहात झोपणार कोण?" बाईंनी विचारलं.

"मोठी फॅमिली असेल."

"खाट एकच आहे."

"खाटा काय, मागाहून वाढवतील."

तो हे हसून बोलला असता तर बाईंना कमी राग आला असता. तो अगदी गंभीरपणे बोलला. त्या मजल्यावर सोळा लूम, म्हणजे यंत्रमाग, बसणार आहेत, चार बसलेतही, हे निजामपुऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कारकुनालाही माहीत होतं, कारण त्याचा चुलतभाऊच तिथे शिफ्टला जात होता. पण फायलीत शयनगृह होतं, तेव्हा कचेरीच्या आत ते शयनगृहच होतं.

मापं नीट पाहायला बाई आणखी वाकल्या आणि तशाच थांबल्या. 'शयनगृह' ही अक्षरं त्यांना दिसली. आधी वरची रेघ आखून मग तिला एकेक अक्षर टांगलेलं, दोन अक्षरांमधली जागा डोळ्यांनी मोजून सारखी ठेवलेली. उशांना डोकं टेकून उठल्यासारखे खळगे होते. पालिकेत द्यायच्या नकाशात उशीला खळगा कोण काढत बसतो? खाली कुणा आराखडेवाल्याचा शिक्का आणि फर्राटेदार सही होती, पण हा हात त्याचा नव्हता. तीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवताना बाईंनी जे अक्षर शेकडो जणींना शिकवलं आणि जेमतेम दोघीतिघींना जमलं, ते हे अक्षर होतं.

त्यांनी पट्टी पिशवीत टाकली आणि त्या निघाल्या. बाई न भांडता गेल्या याचं कारकुनाला इतकं नवल वाटलं की त्याने नकाशा पुन्हा उघडून पाहिला. त्याला त्यात काही दिसलं नाही.

घरी माधवराव खाटेवर पडून छताकडे बघत होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली होती. पोस्टात हयात घालवलेला हा माणूस आता दिवसातून दोनदा, बाईंच्या खांद्यावर हात टाकून, मोरीपर्यंत जात असे. घराला एक खोली आणि एक स्वयंपाकघर. खाट मावेल अशी एकच जागा होती, हाशिमशेठच्या आणि त्यांच्या सामाईक भिंतीलगत. वरच्या मजल्याचे गर्डर त्याच भिंतीत घुसवले होते. फाल्गुनात वर पहिले चार लूम सुरू झाले आणि माळ्यापासून खाटेपर्यंत भिंत तडकली. बाईंनी चित्रकलेच्या जाड कागदाच्या पट्ट्या कापून तडीवर आडव्या चिकटवल्या, प्रत्येकीवर तारीख घातली. पहिली पट्टी अकरा दिवसांत फाटली. उरलेले बारा लूम सुरू झाले तर भिंत किती दिवस टिकेल, हे गणित फार अवघड नव्हतं. आणि भिंत आली तर माधवराव काही उठून पळणारे नव्हते.

त्या भिंतीपायी त्यांनी पालिकेला एक्केचाळीस अर्ज केले होते, आणि एक्केचाळिसाव्यावर आता कुठे सुनावणी लागली होती. पहिल्या अर्जाला उत्तर आलं की बाब विद्युत मंडळाची आहे. विद्युत मंडळाने सांगितलं की पालिकेला विचारा. सतराव्या अर्जाचं उत्तर भलत्याच गल्लीतल्या एका गटाराबद्दल होतं, आणि ते गटार साफ केल्याबद्दल बाईंनी समाधान व्यक्त करावं अशी त्यात अपेक्षा होती. अठ्ठाविसाव्या अर्जानंतर पालिकेचा ओव्हरसियर स्थळपाहणीला आला. तो रस्त्यावर उभा राहिला, त्याने वर बघितलं आणि बाईंना काहीतरी विचारलं. लूमच्या खडखडाटात त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून त्याने ओरडून पुन्हा विचारलं. त्यानंतर त्याने अहवाल लिहिला. 'प्रत्यक्ष पाहणी केली. सदर मजल्यावर शयनगृह आढळले.'

या माणसांचा बाईंना नुसता राग नव्हता. राग येतो तो बरोबरीच्या माणसाचा. शाळेत एखादी मुलगी घागर काढताना तिचा तळ सपाट काढायची, तिला पुन्हा पुन्हा सांगितलं की निदान लाज वाटून तरी गोल काढायची. इथे लाजेचा पत्ताच नव्हता. खोटं बोलायची अक्कलही नव्हती, कुणी सांगेल ते खोटं मुकाट्याने नोंदवून घ्यायचं, एवढंच येत होतं.

पण नकाशा काढणाऱ्या हाताला अक्कल होती, आणि तेच बाईंना सलत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या आबिदाकडे गेल्या. आबिदा बारा वर्षांपूर्वी इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत अ श्रेणीत आलेली त्यांची विद्यार्थिनी. लग्न झालं, नवरा सौदीला गेला आणि तिथलाच झाला. आता ती भावाच्या माडीवर दोन मुलींना घेऊन राहत होती. खिडकीखाली शिवणाच्या मशीनवर फळी टाकून तिने टेबल केलं होतं. बाईंना दारात बघून ती हडबडून उठली आणि फळीवरच्या कागदावर तिने ओढणी टाकली. लहानपणी कॉपी झाकायची तशीच.

"बसा ना बाई. मी येणारच होते तुमच्याकडं."

"कधी? भिंत पडल्यावर?"

आबिदाने सगळं सांगितलं. शिक्क्याच्या आराखडेवाल्याचा हल्ली हात कापतो म्हणून त्याला रेघ ओढता येत नाही. गल्लीतल्या शेठलोकांचे सगळे नकाशे तीच काढते, तो शिक्का मारतो. तिच्या घरची चूल त्यावरच पेटते. काय काढायचं ते शेठ सांगतात. लूम असतील तिथे खाट काढायची, सुताला खळ लावायची सायझिंगची टाकी असेल तिथे पाण्याची टाकी काढायची. एकदा तर दोन डझन लूमच्या जागी तिने वाचनालय काढलं होतं, कारण तेव्हाचा ओव्हरसियर शयनगृहं बघून कंटाळला होता.

"लाज नाही वाटली?"

"वाटली, बाई. म्हणून उशा तरी नीट काढल्या."

बाईंनी फळीवरची ओढणी बाजूला केली. खाली एक नकाशा होता. त्याच मजल्याचा, बेचाळीस बाय अठरा, पण खाट नव्हती. सोळा लूम होते, दोन रांगांत, प्रत्येकाची मापं इंचात लिहिलेली. पायाचे बोल्ट, मोटारीची जागा, कामगाराला उभं राहायला किती वाट, भिंतीत गर्डर किती आत गेलाय, सगळं होतं. सामाईक भिंत दुहेरी रेघेने काढली होती आणि तिच्यापलीकडे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'बाईंचे घर'.

"हा काय?"

"हा मिस्त्रीचा नकाशा. लूम बसवणारा मिस्त्री येतो ना, त्याला खोटं चालत न्हाय. अर्धा इंच चुकला तरी लूम बसत न्हाय. म्हणून प्रत्येक कामाचे दोन काढायचे. एक पालिकेचा, एक मिस्त्रीचा. सगळेच काढतात, बाई."

बाई त्या नकाशावर वाकल्या. एक्केचाळीस अर्जांत त्यांनी जे सांगण्याचा आटापिटा केला होता ते या एका कागदावर होतं, आणि इतकं सुरेख होतं की ओव्हरसियरलासुद्धा कळलं असतं. त्यांना अभिमान वाटला आणि त्याचा त्यांना राग आला. मग त्यांनी पाहिलं की भिंतीलगतच्या रांगेतले आठही लूम भिंतीकडे तोंड करून आहेत.

"लूमचा मार कुठल्या दिशेने बसतो?"

"पुढं-मागं," आबिदाने हाताने फणीचा ठोका दाखवला. "म्हणजे... तुमच्या भिंतीवर." मग तिने कागदाची गुंडाळी केली, दोरा बांधला आणि बाईंच्या पिशवीत घातली. "सुनावणी आहे ना तुमची? दाखवा. माझी मी बघंन काय ते."

तिच्या धाकटीने तेवढ्यात शाळेची पाटी आणून बाईंना दाखवली. बाईंनी ती पाहिली की नाही, हे त्यांना नंतर आठवलं नाही.

सुनावणी पुढच्या सोमवारी अकराला होती, म्हणजे पाऊण वाजता सुरू झाली. मुख्याधिकारी नवे होते. पालिकेत मुख्याधिकारी नेहमी नवेच असत. प्रश्न समजेपर्यंत त्यांची बदली होई आणि पुढचा माणूस कोऱ्या डोक्याने येई. यांनी फाईल उलटी उघडली, सुलटी केली, आणि अर्जदार कोण असं विचारलं. हाशिमशेठ खुर्चीतून अर्धवट उठले. साठीचा, सडसडीत, पांढऱ्या टोपीचा माणूस. हयातीत त्याने बाईंना कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं, आणि त्यांचं ऐकलंही नव्हतं.

बाईंनी भिंतीबद्दल सांगितलं. तारखांच्या पट्ट्या दाखवल्या. मुख्याधिकाऱ्यांनी त्यातली एक उचलून उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि ओव्हरसियरकडे दिली. ओव्हरसियरने ती टाचणी लावून फाईलला जोडली, आता ती पुन्हा बाईंना मिळणार नव्हती.

"पण वर तर बेडरूम आहे," मुख्याधिकारी म्हणाले. "बेडरूमने भिंत कशी तडकेल?"

"तिथे लूम आहेत."

"रिपोर्टमध्ये तसं नाही. तुमच्याकडे काही पुरावा आहे का? कागद, नकाशा, काहीही?"

पिशवी बाईंच्या मांडीवर होती आणि गुंडाळीचं टोक बाहेर डोकावत होतं. त्यांनी समोर पाहिलं. हाशिमशेठ त्या टोकाकडेच बघत होते. आपल्या कामाचा कागद माणूस लांबूनही ओळखतो. एवढा कागद टेबलावर पसरला की झालं. हे लोक त्याच्याकडे बघतील, वा वा म्हणतील, मग हा कुणी काढला म्हणून चौकशी लावतील. लूमची चौकशी लावायला यांची छाती होणार नाही, पण विनापरवाना नकाशे काढणाऱ्या आबिदाची लावतील, कारण तिच्या मागे कुणी उभं राहणार नाही. तिच्या दारावर नोटीस चिकटवतील, अगदी रीतसर, वेळेत, या कचेरीच्या इतिहासात कधी झालं नाही इतक्या तत्परतेने. आणि शयनगृह दुसऱ्या कुणाच्या हातचं, वेड्यावाकड्या उशांचं, मंजूर होईल.

घरी माधवराव त्या भिंतीशी पडले होते, हेही त्यांना दिसत होतंच.

"पुरावा म्हणजे माझी भिंत," बाई म्हणाल्या. "येऊन बघा."

"भिंत काय फाईलला लावता येते का, मॅडम?" मुख्याधिकारी म्हणाले, आणि हे त्यांना स्वतःला इतकं आवडलं की त्यांनी ओव्हरसियरकडे पाहिलं. ओव्हरसियर हसला. कारकूनही हसला. बाई त्या तीन हसणाऱ्या चेहऱ्यांकडे बघत बसल्या. वर्गात असते तर तिघांनाही बाकावर उभं केलं असतं. आज बाई निरुत्तर झाल्या असं तिघांना वाटत होतं, आणि ते त्यांना वाटू द्यावं लागत होतं. एवढी चीड बाईंना आयुष्यात आली नव्हती.

निर्णय झाला नाही. निर्णय घेणं त्या खोलीला माहीतच नव्हतं. शेजाऱ्याची ना-हरकत आणा, नाहीतर पुढची तारीख घ्या, असं दोघांनाही सांगण्यात आलं.

चार दिवसांनी, दुपारी चहाच्या वेळेला, हाशिमशेठ बाईंच्या घरी आले. मागे आबिदा होती. शेठ इतकी वर्षं शेजारी राहून पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आले होते. त्यांनी माधवरावांना सलाम केला, मग भिंतीजवळ जाऊन तडीवरून बोट फिरवलं. बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. मग ते खाटेच्या पायथ्याशी, बाईंनी दिलेल्या स्टुलावर बसले.

नकाशा बाईंकडे आहे हे आबिदाने त्यांना आधीच, स्वतः जाऊन, सांगितलं होतं. शेठनी वकील ठरवला होता. सुनावणीला ते तयारीनेच आले होते.

"बाई, तुम्ही तो कागद काढला असता ना, तर मी लढलो असतो," ते म्हणाले. "दहा साल लढलो असतो. माझे बारा लूम ताडपत्रीखाली पडून हायेत, मला पण गरज हाय. पण तुम्ही गप बसलात. आता गप बसणाऱ्या माणसाशी कसं लढायचं, तुम्हीच सांगा."

बाईंनी गुंडाळी सोडली आणि नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. तिघं खाली बसली. माधवराव मान वळवून वरून बघत होते. बाईंनी पेन्सिल घेतली. भिंतीलगतची रांग काटकोनात वळवली, म्हणजे मार भिंतीवर न बसता भिंतीच्या कडेने बसेल. भिंत आणि लूम यांच्यामध्ये चार फूट मोकळे सोडले. गर्डर भिंतीतून काढून त्यांच्याखाली वेगळे लोखंडी खांब घातले. आबिदाने मापं मांडून पाहिली आणि म्हणाली की अशाने सोळा लूम बसत न्हाईत, बारा बसतात.

शेठनी त्या चार लूमकडे, म्हणजे ते जिथे होते त्या खोडलेल्या जागेकडे, बराच वेळ पाहिलं. चहा निवला.

"बारा," ते शेवटी म्हणाले.

एका दुपारी, तीन माणसांत, जमिनीवर बसून झालं ते. या गावाचं नगररचना खातं कुठे आहे ते बाईंना त्या दिवशी कळलं.

महिन्याभरात खांब उभे राहिले. मिस्त्रीने आबिदाच्या नव्या नकाशाप्रमाणे बारा लूम बसवले. ज्या दिवशी ते सगळे एकदम सुरू झाले त्या दिवशी बाई भिंतीला तळहात लावून उभ्या राहिल्या. आवाज होता, तो जाणारच नव्हता. पण भिंत थरथरत नव्हती. नवी लावलेली कागदी पट्टी पंधरा दिवस, मग महिना, मग दोन महिने तशीच राहिली. माधवरावांना दुपारची झोप लागू लागली.

शेठनी कबूल केलेलं सगळं पाळलं. मग बाईंनीही पाळायचं होतं, बदल्यात कबूल केलेली ना-हरकत द्यायची होती.

ना-हरकतीचा नमुना पालिकेचा, चक्रमुद्रित केलेला होता. बाईंना वाटलं होतं, हरकत नाही एवढंच लिहायचं असेल. कागदावर होतं, 'सदर मजला केवळ राहत्या वापराचा असून त्यातील शयनगृह मी प्रत्यक्ष पाहिले आहे. त्याबाबत माझी पूर्वीची सर्व तक्रार गैरसमजातून झाली होती.'

"हे खोडते," बाई म्हणाल्या.

"नमुन्यात खोडाखोड चालत नाही," ओव्हरसियर म्हणाला. तो अदबीने बोलत होता. जिंकलेल्या माणसाला अदब परवडते. "सगळे करतात सही, बाई. तुम्ही कशाला मनाला लावून घेता? त्या कागदाला कोण बघतंय?"

हाशिमशेठ शेजारी उभे होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले, त्यांनी घाई केली नाही. बाईंनी टेबलावर उघडलेल्या नकाशात पुन्हा एकदा ते बेचाळीस फुटी शयनगृह पाहिलं, एक खाट, दोन उशा. मग सही केली. पूर्ण नाव, पत्ता, निवृत्त शिक्षिका. कारकुनाने टीपकागद दाबून शाई टिपली.

पंधरा दिवसांनी पालिकेचं पत्र आलं. कार्यालयाने केलेल्या सततच्या पाठपुराव्यामुळे आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले असून, नागरिकांनी असेच सहकार्य करावे. माधवरावांनी ते मोठ्याने वाचायला सांगितलं. बाईंनी वाचून दाखवलं आणि चूल पेटवायला घेतली.

दिवाळीनंतर एका सकाळी टेमघरची ठमाबाई आली. ती वाल, मुळा, मेथी घेऊन आठवड्यातून दोनदा गल्लीत यायची. आज पाटी उतरवून ती उंबऱ्यातच बसली आणि कमरेच्या पिशवीतून बांधकाम मंजुरीची एक चुरगळलेली नोटीस काढली. तिच्या झोपडीसमोर कुणीतरी गोदाम बांधलं होतं. झोपडीतून रस्त्याला लागायची जी एकमेव पायवाट होती, ती त्याच्या जोत्याखाली गेली होती. पालिकेने नकाशा मंजूर केला होता आणि त्यात तिथे गुरांचा गोठा होता.

"तिकडं एक बी ढोर न्हाय, बाई. टरक येतान् टरक," ठमाबाई म्हणाली. "माझी सून पोटुशी हाय. अडचण झाली तर तिला न्ह्यायची कुठून? तुमी कागद लिवून द्या. तुमच्या कागदाला कचेरीवाले घाबरतात, सगली लोका सांगतात."

बाईंनी कोरा कागद घेतला. गोदामवाल्याचा मिस्त्री कोण ते त्यांनी विचारलं. तो लांबचा, गुजरातेतला होता आणि काम संपवून गेलाही होता. ठमाबाईची जागा तिच्या नावावर आहे का, म्हणजे तिची ना-हरकत कुणाला लागते का, तेही विचारलं. नव्हती आणि लागत नव्हती. मग विचारण्यासारखं काही उरलं नाही.

त्यांनी लिहायला सुरुवात केली. प्रति, मुख्याधिकारी. एकेक शब्द तोलून लिहिला. गोठ्याची लांबीरुंदी, पायवाटेची रुंदी, सुनेचे दिवस, सगळं घातलं. गोठ्यात ट्रक कसा मावतो हे कार्यालयाने समजावून सांगावं, अशी विनंतीही केली. गेल्या कित्येक वर्षांत इतका चांगला अर्ज त्यांनी लिहिला नव्हता. मग स्वयंपाकघरातून काजळाची डबी आणून ठमाबाईचा अंगठा उठवून घेतला.

ठमाबाईने कागद उलटासुलटा केला. वाचता येत नसलं तरी कागदावर काय काय असायला हवं हे तिला माहीत होतं.

"लिवणाराचा नाव असतो ना खाली? आमच्या शेजारच्या कमळीच्या कागदावर तुमी केलेली सही. मला का न्हाय?"

वर लूम चालू होते. माधवराव झोपले होते.

"माझी सही आता त्यांच्याकडे आहे, ठमाबाई, त्या शयनगृहाच्या कागदावर."

"मंग चांगलाच हाय की," ठमाबाई म्हणाली. "बघितल्यावर वलखतील."

बाईंनी सही न करताच कागदाची घडी घातली आणि तिच्या हातात दिली.